रिबन केबलवरचे दात

आधीच सांगून ठेवते — ताट पुढ्यात घेऊन वाचत असाल तर जेवून घ्या, मग वाचा. हा अनुभव घाबरवणारा कमी आणि किळसवाणा जास्त आहे. आजही आठवला की मला भीती वाटत नाही. तोंडाला पाणी सुटतं... उलटी व्हायच्या आधी सुटतं ना, तसलं.

आणि दुसरं म्हणजे, ज्या घरात भूत हा शब्द चेष्टेतसुद्धा चालायचा नाही अशा घरातली मी. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, वडील त्यांच्याही चार पावलं पुढे. साताऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की बाकीची पोरं दारं लावून बसायची; माझे वडील मला मुद्दाम बघायला न्यायचे. परत येताना विचारायचे, "काय बघितलंस? बघितलंस तेवढंच सांग, बाकी नको." इथेही तेवढंच सांगणार आहे.

मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये डिप्लोमा केला. लग्न होऊन सांगलीला आले आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी विश्रामबागेत एका गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. दारात येणारा प्रत्येक माणूस आधी "साहेब कुठायत?" विचारायचा. मीच साहेब आहे म्हटलं की नाइलाजाने मशीन टेबलावर ठेवायचा. स्वभावाने मी भयंकर किळसखोर. पण धंद्यात काय काय बघितलंय! कीबोर्डच्या आत झुरळांची अंडी, पॉवर सप्लायमध्ये वाळून कडक झालेली पाल, फ्लॉपी ड्राइव्हमध्ये लहान मुलाने कोंबलेला केळ्याचा तुकडा. नाकाला रुमाल बांधायचा आणि काम करायचं. सवय होते.

माधवनगरला विलासराव म्हणून एक गृहस्थ होते. (नाव बदललंय.) चादरी, टॉवेल, साड्यांचे काठ यांची डिझाइन्स कॉम्प्युटरवर काढून ते यंत्रमागवाल्यांना विकायचे. त्या वेळी हे काम आमच्या भागात नवंच होतं. बंगल्याच्या पुढच्या खोलीत तीन कॉम्प्युटर, त्यावर काम करणारी माणसं, आणि सगळ्यांच्या फायली एका जागी राहाव्यात म्हणून मागच्या खोलीत एक सर्व्हर — म्हणजे गुडघ्याच्या वर येईल एवढा उभा कॅबिनेट. आत दोन हार्ड डिस्क. एकीत जे साठवाल ते दुसरीत आपोआप जायचं, म्हणजे एक गेली तरी काम बुडू नये. घरात सर्व्हर आहे हे विलासराव येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्या अभिमानाने सांगायचे, जणू हत्ती पाळलाय.

माणूस मला पहिल्यापासून आवडला नाही. सुपारी चघळत बोलायचे, बोलताना ओठांच्या कोपऱ्यांत तांबूस फेस जमायचा. मी वाकून काम करत असताना माझ्याच किटमधला बारीक स्क्रू-ड्रायव्हर उचलून कान कोरायचे आणि तसाच परत ठेवायचे! पुढच्या खोलीत कॉम्प्युटरांच्या वर एका बाईचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. ओठ घट्ट मिटलेली, पन्नाशीची बाई. मी एकदा बघत होते तर म्हणाले, "आमची अक्का. थोरली भन. मागल्या साली यात्रेला न्हेली हुती, तिकडंच गेली. सगळं तिकडंच उरकलं. हितं फक्त तेरावा केला... लय माणूस जेवलं."

मागची खोली नुकतीच रंगवलेली. खाली नवीन मेणकापड, खिडकीत एसी. फक्त दाराची कडी विचित्र होती — आतून नव्हतीच, बाहेरून मात्र जाडजूड. जुन्या काळी धान्याची खोली असेल असं मी धरून चालले.

उन्हाळा लागत होता तेव्हा पहिली तक्रार आली. डिस्क मधेच गायब होते म्हणे. सगळे काम करत असताना पडद्यावर मेसेज यायचा — डिस्क प्रतिसाद देत नाही. बंद करून चालू केलं की कधी एक डिस्क दिसायची, कधी दोन्ही नाहीत. अशा वेळी नवखा माणूस लगेच डिस्क खराब झाली म्हणून मोकळा होतो. पण माझा अनुभव असा, की डिस्क मरताना आवाज करते, कुरकुरते. जी शांतपणे गायब होते आणि परत येते तिच्या बाबतीत जोडणीवर शंका घ्यायची. डिस्क आणि तिला कॉम्प्युटरशी बोलायला लावणारं कार्ड यांना जोडणारी एक चपटी राखाडी पट्टी असते — रिबन केबल. बऱ्याच वायरी शेजारी शेजारी चिकटवल्यासारखी, एका कडेला लाल रेघ. ती जरा सैल झाली की असले प्रकार होतात.

कॅबिनेट उघडला आणि केबल ओढली. कनेक्टर ओला होता.

पाणी नव्हे. पाणी असं बोटाला चिकटून तार धरत नाही. वास घेऊन बघितला — ही आमच्या धंद्यातली सवय, जळकं काही आहे का बघायची — आणि मान मागे घेतली. सकाळी उठल्याउठल्या, चूळ भरायच्या आधी, तोंडाला येतो तो वास. मला वाटलं एसीचं पाणी कुठूनतरी झिरपलं, त्यात पाल-बिल पडून कुजली असेल. पाल सापडली नाही. स्पिरिटने सगळं पुसलं, केबल परत घट्ट बसवली, डिस्क दिसायला लागल्या. हात तीनदा धुतले तरी घरी जाऊन भाकरी डाव्या हाताने खाल्ली.

थोड्याच दिवसांत परत फोन. तीच तक्रार. या वेळी कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या — आणि केबल चावलेली. मधोमध दाबून, चेचून, एका कडेचा तुकडाच नाहीसा.

"उंदीर," मी म्हणाले.

"उंदीर न्हाई आमच्यात," विलासराव म्हणाले. "तरी बघतो, औषध घालतो."

आता मला नीट छडा लावायचा होता. दोन्ही डिस्क, कार्ड, सगळं काढून दुकानात आणलं आणि नवीन केबलवर चालू ठेवलं. रात्रंदिवस चाललं, एक चूक नाही. म्हणजे डिस्क चांगल्या, कार्ड चांगलं, पॉवर चांगली. दोष त्या जागेत होता. मग सगळं माधवनगरला परत नेऊन बसवलं, कॅबिनेटच्या प्रत्येक भोकावर आतून बारीक लोखंडी जाळी लावली. पंख्याच्या तोंडावरसुद्धा. मुंगी जाईल, उंदराचं पिल्लू जाणार नाही अशी. झाकणाच्या सांध्यांवर कागदी टेप लावून वर आडवी सही केली. विलासरावांवर माझा विश्वास नव्हता. हा माणूस स्वतःच उघडून काहीतरी खुडबुड करतोय आणि बिल द्यायच्या वेळी माझ्या कामाला नावं ठेवणार, अशी मला दाट शंका होती. खोलीला बाहेरून कडी घातली, वर कुलूप.

तरी परत फोन आला. फोनवर विलासराव ओरडतच होते. साड्यांच्या काठाची मोठी ऑर्डर अडकली होती. "तुमच्यासारख्या बाईमाणसाला काम दिलं तितंच चुकलं," म्हणाले. मी किट उचललं आणि गेले.

दुपारचं ऊन खोलीत सरळ आत आलेलं. विलासराव शेजारी उभे. मी आधी टेप दाखवली. सगळीकडे शाबूत, माझी सही जशीच्या तशी. एसीचं पाणी कुठे नाही, मेणकापड कोरडं ठणठणीत. स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं, डिस्कच्या मागचा कनेक्टर धरला आणि ओढला.

तो सुटला आणि त्याच्यामागे एक लांब तार आली. चकचकीत, बुडबुडे असलेली. तुटेना. कनेक्टर वीतभर लांब आणला तरी तुटेना, लोंबकळत राहिली आणि माझ्या मनगटावर पडली.

कोमट होती.

हे वाक्य लिहितानाही मी मनगट साडीला पुसलं.

केबल कडेपासून चावलेली, अर्धगोल. तुकडा गायब. आणि आतल्या उघड्या पडलेल्या तांब्याच्या तारांना सुपारीचा नाही, तंबाखूचा नाही, फक्त तोंडाचा वास. मिटलेल्या, न धुतलेल्या, उपाशी तोंडाचा.

दारात भांड्यांचा आवाज झाला. विलासरावांच्या बायको, सुनंदावहिनी, चहा घेऊन आल्या होत्या. त्या एरवी माझ्याशी एक शब्द बोलायच्या नाहीत. कप ठेवायच्या आणि जायच्या. आता ट्रे हातात तसाच धरून उभ्या राहिल्या. त्या माझ्या हातातल्या केबलकडे बघत होत्या.

"अक्का..." त्या म्हणाल्या.

"तू आत जा," विलासराव म्हणाले.

"आवं पण बघा तरी, तसंच—"

"आत जा म्हनलं न्हवं?"

मी मागच्या दाराने बाहेर पळाले आणि न्हाणीशेजारी उलटी केली. तोंड धुऊन वर बघते तर विलासराव दारात उभे, माझा स्क्रू-ड्रायव्हर कानात. "काय ओ मॅडम, एवढं काय त्यात? उंदराची लाळ असंल. साफसफाईचं बिलात धरा की." त्या क्षणी मला कळेना की जास्त घाण काय आहे, माझ्या मनगटावरचं की समोर उभं असलेलं.

नवीन केबल कशीबशी बसवली आणि चावलेली ती केबल मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर आणखी एक पिशवी बांधून घेऊन आले. रविवारी साताऱ्याला माहेरी जायचं होतं. माझा मावसभाऊ सुनील तिथे दातांचा डॉक्टर आहे. त्याला मी काहीच सांगितलं नाही. फक्त पिशवी पुढे केली. म्हटलं, "हे कुठल्या जनावराने चावलंय सांग."

त्याने हातमोजे घातले, दिव्याखाली धरलं, भिंगाने बघितलं. मग हसला. "चेष्टा करतीस होय गं? माणूस आहे हा."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. उंदीर कुरतडतो, त्याचे दोन बारीक चरे पडतात. कुत्र्याची भोकं पडतात. हे बघ, खालची ओळ सगळी सलग आहे. मोठा माणूस, दात झिजलेले. आणि वरचे मधले दोन नाहीत... इथे मोकळं सुटलंय बघ. चावताना बाजूच्या दातांवर जोर दिलाय." त्याने केबल परत पिशवीत घातली. "कोण खातंय वायर? पेशंट असंल तर घेऊन ये. तांबं पोटात गेलं तर वाईट."

आता मला राग आला. कुणीतरी माणूस मुद्दाम हे करतंय, हे तर उघडच होतं. टेप शाबूत कशी राहिली याचं उत्तर मिळालं नव्हतं, पण तेही मिळेल असं वाटलं. विलासरावांचे दात मी पुरेसे बघितले होते, तांबडे का होईनात, सगळे जागेवर. पुढच्या खोलीत काम करणारी माणसं तरणी होती. राहिल्या वहिनी. त्या कधी तोंड उघडून बोललेल्याच नव्हत्या.

सांगलीला परतले त्याच आठवड्यात वहिनी स्वतःच माझ्या दुकानात आल्या. विलासराव इचलकरंजीला गेले होते. डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी. बसल्या आणि पहिल्यांदा मोकळेपणाने बोलायला तोंड उघडलं. मी आधी दात बघितले. वरचे दोन्ही होते, पांढरे स्वच्छ.

"ताई, ती वायर टाकून दिली का?"

"नाही. डॉक्टरला दाखवली. माणसाने चावलीय म्हणाला. वरचे दोन दात नसलेल्या."

वहिनींनी पदर तोंडाशी नेला. मी पाणी दिलं. (त्या प्यायल्या. तेवढ्याही वेळात माझ्या मनात येऊन गेलं की विलासराव असते तर माझ्या दुकानातलं पाणी प्यायले असते का.)

मग सांगितलं. ती सर्व्हरची खोली अक्कांची होती. विलासराव लहान असताना आई गेली, तेव्हा अक्कांनीच त्यांना वाढवलं. लग्न केलं नाही. पुढे चाळिशीनंतर त्यांचं डोकं फिरलं. आधी नुसत्या गप्प बसायच्या, मग कपडे फाडायच्या, मग रस्त्यावर जायच्या. विलासरावांनी दाराची आतली कडी काढून बाहेरून बसवली. वर्षानुवर्षं त्या तिथे होत्या. दोन वेळा ताट सरकवायचं, सकाळी घाण काढायची.

"त्या खोलीत ट्यूब हुती," वहिनी म्हणाल्या. "तिचा चोक घूं घूं वाजायचा बघा. अक्कांना ते सोसायचं न्हाई. कोण गुरगुरतंय, कोण गुरगुरतंय म्हनायच्या आणि वायर धरून चावायच्या. शॉक बसला तरी सोडायच्या न्हाईत. एकदा ह्यांनी वायर तोंडातनं हिसकून काढली... दोन दात वायरीसंगं आलं."

"ट्यूब बदलली नाही?"

"न्हाई." मग हळूच, "दातांच्या जागी हळद भरली मी."

मी वडिलांनी शिकवलेलं मनात घोकत होते — बघितलंस तेवढंच. म्हटलं, "वहिनी, खरं सांगू का, माझा नाही विश्वास बसत. माणूस गेल्यावर..."

"आवं, गेल्या म्हंजे..." त्या थांबल्या. "गेल्या म्हंजे पाटणला गेल्यात."

मला कळलंच नाही.

"जित्या हायत ओ अक्का! पाटणच्या अलीकडं एक संस्था हाय, वेड्या बायका ठिवून घेत्यात. तितं सोडून आलं हे. आमच्या थोरल्या पोरीची सोयरीक जमत हुती. घरात वेड हाय म्हनल्यावर कोण पोरगी न्हेतंय? मग यात्रेत वारली म्हनून सांगितलं. फोटो लावला. तेरावा घातला. बुंदी केली हुती... मीच वाढली सगळ्यांस्नी."

किळस म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं असं म्हणायला हरकत नाही. लाळ, वास, झुरळं हे सगळं धुता येतं. जिवंत बाईच्या तेराव्याला बुंदीची दुसरी वाढ घेणारी माणसं, आणि ती वाढणारी ही समोरची बाई, आणि त्या हाराच्या फोटोखाली बसून चहा प्यायलेली मी.

वहिनींनी माझा हात धरला. "माझ्यासंगं येता का? मला एकटीला भ्या वाटतंय. सोडल्यापासनं एकदाबी गेलो न्हाई आमी."

मी का हो म्हणाले माहीत नाही. बहुतेक पुरावा हवा होता. ती बाई तिथे नीट कोंडलेली आहे, बंगल्यात येऊ शकत नाही, हे डोळ्यांनी बघून हा विषय डोक्यातून काढायचा होता.

विलासराव दोन दिवस बाहेरगावी होते तेव्हाच आम्ही गेलो. कराडपर्यंत एक एसटी, पुढे पाटणची दुसरी. संस्था म्हणजे डोंगराच्या पायथ्याला तीन बरॅकी आणि एक विहीर. फिनेलचा आणि लघवीचा मिसळलेला वास फाटकापासूनच. विजेचा एकच दिवा व्हरांड्यात, तोही बंद. कॉम्प्युटर सोडाच, मला तिथे टीव्हीही दिसला नाही. तिथली काळजी घेणारी बाई चांगली होती, दणकट, कासोटा मारलेली. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिने वहिनींना खालून वर बघितलं.

"आलासा व्हय एकदाचं. बरं झालं. मला इचारायचंच हुतं. आवं, ह्या काय खात्यात? आमी तर भाकरी आन् आमटीच देतोय."

"म्हणजे?" मी विचारलं.

"सकाळी तोंड धुवाय घेतलं की तोंडातनं वायरीच निगत्यात. लय दिस न्हवतं हे. उन्हाळा लागल्यापास्नं. कुटनं आनत्यात कळंना! सगळी खोली झाडली, गादी उसवली. हितं आमच्यात वायर हाय कुटं?"

तिने व्हरांड्याच्या फळीवरून एक नारळाची करवंटी काढली आणि पुढे केली. आत राखाडी तुकडे होते. चघळून चोथा झालेले, लाळेने एकमेकांना चिकटलेले, वर माश्या बसलेल्या. एका तुकड्याच्या कडेला लाल रेघ होती.

मी बघितलं. तेवढंच सांगते — बघितलं. तो तुकडा उचलून आणायला हवा होता, माझ्याकडच्या केबलशी जुळवून बघायला हवा होता, हे मला तिथे उभी असतानाही कळत होतं. पण हात पुढे झाला नाही. माश्या त्या चोथ्यावरून उडून माझ्या ओठावर बसत होत्या. नाहीच झाला.

अक्का आतल्या खाटेवर बसल्या होत्या. उवांमुळे केस कापलेले. फोटोतल्या बाईच्या निम्म्या झालेल्या. वहिनी त्यांच्या पायाशी बसल्या आणि रडायला लागल्या. अक्कांनी त्यांना लगेच ओळखलं, जणू सकाळीच ताट देऊन गेल्या होत्या. कपाळाला आठ्या घातल्या.

"सुनंदे," त्या म्हणाल्या. वरच्या ओठामागे मधे काळी फट होती. "खोलीत काय आणून ठिवलंय गं विलासनं? दिवसभर गुरगुरतंय. डोळ्याला डोळा लागू देत न्हाई. मी चावतो तवा गप बसतंय जरा... परत कोणतरी येऊन त्याला चालू करतंय."

मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"तुमी त्या खोलीत न्हाई आता, अक्का," वहिनी कशाबशा म्हणाल्या. "तुमी पाटणला हायसा."

"काय येड्यागत बोलतीस," अक्का म्हणाल्या. "माझ्या खोलीतनं मला कोण सोडतंय?"

परतीच्या एसटीत वहिनी रडतच होत्या. कराडला गाडी बदलताना मात्र रडणं थांबलेलं होतं. माधवनगरला पोचल्या, चपलाही न काढता मागच्या खोलीत गेल्या आणि सर्व्हरची पिन भिंतीतून उपटली. पुढच्या खोलीतले सगळे ओरडले, अर्धवट कामं गेली म्हणून. मग खुर्चीवर चढून फोटोवरचा हार काढला. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. मी दारातूनच रिक्षाने परत फिरले होते. त्या घराची पायरी चढायची माझी इच्छा नव्हती.

पुढे काय झालं ते थोडक्यात लिहिते, कारण त्यात अमानवीय काही नाही, सगळं मानवीच आहे. विलासरावांनी आधी वहिनींना मारलं. वहिनींनी दुसऱ्या दिवशी होणाऱ्या व्याह्यांना स्वतः फोन करून सांगितलं की मुलीची आत्या जिवंत आहे आणि वेडी आहे. सोयरीक मोडली. मुलगी आईशी वर्षभर बोलली नाही. पण एकदा सगळ्या गावाला कळल्यावर लपवायला काही उरलं नाही, आणि अक्का घरी आल्या. त्याच खोलीत. बाहेरची कडी वहिनींनी लोहाराकडून कापून घेतली. सर्व्हर पुढच्या खोलीत गेला. तो बसवायला विलासरावांनी दुसऱ्या कुणालातरी बोलावलं. माझं शेवटचं बिल आणि तो कान कोरलेला स्क्रू-ड्रायव्हर, दोन्ही मी सोडून दिले. त्यानंतर डिस्क कधी गायब झाली नाही असं वहिनी म्हणाल्या. अक्का तीनेक वर्षं जगल्या. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात गोळ्या चालू केल्या तर बऱ्याच शांत झाल्या होत्या म्हणे, अंगणात बसून लसूण सोलायच्या. दुसऱ्यांदा तेरावा झाला तेव्हा फार कुणी जेवायला आलं नाही.

मी बऱ्याच शक्यता तपासून बघितल्या आहेत. डिस्कची तपासते तशाच, एकेक बाजूला काढून. वहिनींनीच केबल चावून तुकडे पाटणला पोचवले? त्यांचे दात जागेवर होते, आणि त्या पाटणला माझ्याबरोबर पहिल्यांदाच गेल्या. तिथल्या बाईनेही तेच सांगितलं. संस्थेत कुठून तरी जुनी केबल आली? येईलही, पण मग माझ्या टेप लावलेल्या कॅबिनेटमध्ये कोण चावून गेलं? सुनीलला नंतर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तू दमली होतीस." वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "भूत नाही ना ते, जिवंत होती ना बाई? मग आपल्या प्रतिज्ञांत बसतंय का नाही, मलाच कळंना."

ती केबल पिशवीसकट मी जाळून टाकली. वास दोन दिवस परसात होता. धाडसी लोक इथे लिहितील की पुरावा का जाळला, तपासायला का दिला नाही. तुमच्या मनगटावर पडली असती ना, मग बोला.

काय होतं ते मला माहीत नाही. वीस-बावीस वर्षांत कुणी समजावून सांगू शकलं नाही, आता सांगेल अशी आशाही नाही. ती लाळ होती आणि ती कोमट होती. एवढं मात्र मी कुठेही, कुणापुढेही खात्रीने सांगेन.